वीणेच्या पिकअपचा बफर: संध्याकाळचा हम, तापणारा आयसी आणि पावसातली खरखर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या भजनी मंडळात टाळांच्या गजरापुढं वीणा ऐकूच येत नाही. माइक लावला तर त्यात टाळच शिरतात, आवाज वाढवला की बॉक्स शिट्टी मारतात. म्हणून विचारणाऱ्या मित्रानं वीणेला 27 मिलिमीटरची पिझो डिस्क (कंपनातून वीज काढणारी चकती) चिकटवली, टीएल072 या ऑप-अँप आयसीवर बफर (डिस्क आणि अँपच्या मधलं सर्किट) बांधला आणि तो मंडळाच्या जुन्या पीए अँपला जोडला. सप्लाय असा: 0-12 चा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, 1000 एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर आणि 7812 हा 12 व्होल्टचा रेग्युलेटर. आयसीच्या तीन नंबर पिनला, म्हणजे इनपुटला, वरून आणि खालून 2.2 मेगचे (मेगओहमचे) दोन रेझिस्टर, दोन नंबरचा उलटा इनपुट एक नंबरच्या आउटपुटला जोडलेला, आउटपुटला 10 एमएफडी. तक्रारी पाच. दिवसा ठीक चालतं, संध्याकाळी ऐन भजनाच्या वेळी हम येतो. अँपपर्यंत 15 मीटर वायर टाकली की आवाज फाटतो आणि आयसी तापतो. दुकानदारानं सांगितलं म्हणून त्या जागी 5532 हा दुसरा ऑप-अँप घातला, तर आणखी बिघडलं. तार जोरात छेडली की कडकड होते. पावसात खरखर. आणि शेवटी एक शंका: बफर पाहिजेच का, डिस्क थेट अँपला जोडली तर काय होतं?

शंकेपासूनच सुरुवात करतो, कारण तिचं उत्तर कळलं की बाकीचं निम्मं सुटतं.

पिझो डिस्क विजेच्या नजरेतून बघितली तर ती एक कपॅसिटर आहे. 27 मिमीची डिस्क साधारण 20 नॅनोफॅरड भरते. अँपच्या ऑक्स इनपुटचा रेझिस्टन्स समजा 10 के (किलोओहम) आहे. 20 नॅनो आणि 10 के मिळून जो फिल्टर होतो तो 800 हर्ट्झच्या खालचं सगळं कापत जातो. वीणेचा मूळ स्वर त्याच्या कितीतरी खाली असतो. म्हणून थेट जोडल्यावर तारेला नख लागल्याची टिकटिक तेवढी बॉक्समधून येते, भोपळ्याची घुमी येत नाही. तीच डिस्क 1 मेगवर सोडली तर कापण्याची हद्द 8 हर्ट्झवर उतरते, म्हणजे कानाच्या दृष्टीनं काहीच कापलं जात नाही. बफरचं काम एवढंच: डिस्कला 1 मेग दाखवायचं आणि पुढच्या वायरला, अँपला लागेल तो करंट आपण पुरवायचा. तो व्होल्टेज वाढवत नाही. आवाज मोठा होईल या आशेनं बफर बांधला असेल तर निराशा ठरलेली आहे. मोठा करायला अँप आहे. तेव्हा बफर पाहिजेच, आणि तुमची मूळ कल्पना बरोबर आहे. बिघाड बफरमध्ये जवळजवळ नाहीच. तो सप्लायमध्ये, बायसमध्ये (तीन नंबर पिनला दिलेल्या स्थिर व्होल्टेजमध्ये), वायरमध्ये आणि बोर्डाच्या खालच्या बाजूला आहे. आयसी बदलत बसण्यात म्हणूनच काही हाती लागलं नाही.

आता संध्याकाळचा हम. ‘दिवसा नाही, संध्याकाळी येतो’ हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण सगळ्या प्रश्नात मोलाचं तेच आहे.

हिशेब बघा. 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, गुणिले 1.414, म्हणजे शिखर 17 व्होल्ट. ब्रिजमध्ये दोन डायोड मिळून 1.4 जातात, उरले 15.6. हे घरात पूर्ण 230 असताना. 7812 ला नीट काम करायला आत 14 तरी लागतात. गावाकडं दिवेलागणीला सगळ्यांचे दिवे, टीव्ही, मिक्सर, शेतावरच्या मोटारी एकदम चालतात आणि व्होल्टेज 200 वर येतं. लाइनच्या टोकाला असाल तर 170 सुद्धा. 200 ला कपॅसिटरवर साधारण 13.4 मिळतात, 170 ला जेमतेम 11. हलक्या लोडवर ट्रान्सफॉर्मर व्होल्ट-दोन व्होल्ट जास्त देतो, त्यामुळं थोडी सवलत मिळते, पण त्या भरवशावर राहू नये. आत 14 नसले की रेग्युलेटर रेग्युलेटर राहत नाही. कपॅसिटरवरचा रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, तो तसाच पुढं सोडतो. तुमचा आयसी, एलईडी आणि 7812 स्वतः मिळून 20 मिलिअँपिअर धरले तर 1000 एमएफडीवर रिपल 0.2 व्होल्ट होतो, 100 हर्ट्झचा.

इथं जाणकार माणूस विचारेल, की टीएल072 सप्लायवरचा रिपल चांगला दाबतो, मग तो आउटपुटला कसा आला? बरोबर आहे, सप्लायच्या पिनमधून तो येतच नाही. तो येतो तुमच्या त्या 2.2 मेगच्या जोडीतून. वरचा रेझिस्टर सरळ 12 व्होल्टला बांधलाय, म्हणजे सप्लायवर जे हलेल त्याच्या निम्मं थेट तीन नंबर पिनवर. आयसीला तो सिग्नलच वाटतो. डिस्क जोडलेली असताना तिचे 20 नॅनोफॅरड त्यातलं बरंच खाऊन टाकतात, तरी सहा-सात मिलिव्होल्ट उरतात; वीणेच्या शंभरेक मिलिव्होल्टपुढं ते शांत जागी स्पष्ट ऐकू येणार. पडताळा सोपा आहे. संध्याकाळी हम येत असताना डिस्कची वायर बोर्डावरून सोडवा. हम एकदम वाढला तर कारण हेच.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. पहिला: 2.2 मेगची जोडी काढून टाका. 100 केचे दोन रेझिस्टर घ्या, त्यांच्या मधल्या सांध्यावरून ग्राउंडला 47 एमएफडी टाका, आणि त्या सांध्यावरून तीन नंबर पिनला 1 मेग. आता सप्लायवरची हालचाल सांध्यावरच मरते, 100 हर्ट्झला ती हजार-दीड हजार पटीनं खाली येते. किंमत एवढीच, की चालू केल्यावर सांधा 6 व्होल्टवर स्थिरावायला दहा-बारा सेकंद लागतात. तेवढ्यात अँपचा व्हॉल्यूम खाली ठेवावा. दुसरा उपाय: ट्रान्सफॉर्मर 0-15 चा घाला. 170 ला सुद्धा कपॅसिटरवर 14 च्या वर राहतात. पण मग कपॅसिटर 25 व्होल्टचा चालणार नाही, 35 चा घ्या. रात्री उशिरा लोड उतरला की हेच व्होल्टेज उलट्या दिशेला चढतं, आणि 25 चा कपॅसिटर तेव्हा अगदी काठावर असतो.

मोजमाप करताना एक सांगतो. तो पिवळा स्वस्त मीटर एसी रेंजवर ठेवून रिपल मोजायला जाऊ नका. त्याची सगळ्यात खालची एसी रेंज 200 व्होल्टची, आणि डीसीवर बसलेला रिपल तो धड दाखवत नाही. त्यापेक्षा डीसी 20 च्या रेंजवर 7812 च्या आतला आणि बाहेरचा व्होल्टेज संध्याकाळी सात-साडेसातला बघा. दोन्हींतला फरक 2 च्या खाली गेला की समजा. दुपारी मोजून ‘सप्लाय ओके’ म्हणण्यात अर्थ नाही.

हम कुठला, 50 चा का 100 चा, हे ओळखणं कामाचं असतं. रेक्टिफायरमधून आलेला 100 चा. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडातून, उघड्या वायरीतून किंवा ग्राउंडच्या घोळातून आलेला 50 चा. नुसत्या कानाला हे अवघड जातं, कारण दोन्ही एकाच स्वराचे, वेगळ्या सप्तकातले, आणि लहान बॉक्समधून 50 धड निघतच नाही. मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं फुकटचं ॲप घ्या आणि बॉक्ससमोर धरा, काटा कुठं उभा राहतो ते दिसेल. जाता जाता, तुम्ही भजनातले म्हणून सांगतो: आपल्याकडच्या विजेचा हा स्वर पांढरी पाचच्या अगदी शेजारी पडतो. बुवा पांढरी पाचमध्ये गात असतील तर हम षड्जात लपून जातो आणि कुणी तक्रार करत नाही. काळी एकमध्ये लावला की तोच हम तीव्र मध्यम होतो. मग पेटीवाला वैतागतो आणि साउंडवाल्याकडं बघतो.

यावर एक सरळ पर्याय आहे, आणि मी तुमच्या जागी असतो तर तोच घेतला असता: ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, 7812 सगळं सोडून द्या आणि 9 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागं एक लावून 18 व्होल्टवर चालवा. टीएल072 दोन्ही भाग मिळून 3 मिलिअँपिअरच्या आत घेतो. चांगल्या अल्कलाइन बॅटऱ्यांवर शंभर तासांच्या पुढं चालतं. आठवड्याचं भजन, एकादशी आणि वर्षाचा सप्ताह धरला तरी बॅटऱ्या लवकर संपत नाहीत. एलईडी मात्र लावू नका, तो एकटा आयसीपेक्षा जास्त खातो. करंट गेला तरी बफर चालू, इन्व्हर्टरवर अँप गेला तरी बफर शांत. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाट देतात, त्यांच्यावर चालणाऱ्या सप्लायमधून जी किरकिर येते ती 7812 नं जात नाही, हे ज्यानं ऐकलंय त्याला वेगळं सांगायला नको. बॅटरी हे तपासणीचंही उत्तम हत्यार आहे. कुठलाही हम आला की आधी बफर बॅटरीवर चालवून बघायचा. गेला तर सप्लाय, राहिला तर वायर किंवा ग्राउंड.

आता 15 मीटर वायर आणि तापणारा आयसी.

शील्ड वायरला मीटरमागं साधारण 100 पिकोफॅरड असतात. 15 मीटरचे दीड नॅनोफॅरड झाले. एकला दोन बांधून केलेला बफर, म्हणजे पूर्ण आउटपुट परत इनपुटला, हा ऑप-अँपचा सगळ्यात नाजूक प्रकार. त्याच्या आउटपुटवर सरळ कपॅसिटर टांगला की तो स्वतःच ऑसिलेट व्हायला, म्हणजे आपोआप लाटा काढायला लागतो, तेही मेगाहर्ट्झमध्ये. ते ऐकू येत नाही, तुमच्या मीटरला दिसत नाही. दिसतात ते परिणाम: आयसी गरम, आवाज घोगरा, आणि वायर हातात धरली किंवा हलवली की आवाज बदलतो. उपाय एका रेझिस्टरचा आहे. एक नंबर पिनपासून दोन नंबरला जाणारा जोड तसाच ठेवा, आणि त्या जोडाच्या बाहेर, 10 एमएफडीच्या आधी, 100 ओहम मालिकेत टाका. ‘बाहेर’ हा शब्द महत्त्वाचा. रेझिस्टर आत टाकून त्याच्यामागून दोन नंबरला जोड दिला तर उपयोग शून्य. 100 ओहम आणि दीड नॅनो मिळून कापतात ते 1 मेगाहर्ट्झला, आवाजाला धक्का लागत नाही. शिवाय आठ आणि चार नंबर पिनांमध्ये 0.1 एमएफडीचा सिरॅमिक कपॅसिटर, आयसी बेसच्या अगदी पायाशी. सप्लायच्या टोकाला 1000 एमएफडी आहे म्हणून हा लागत नाही असं नाही. मेगाहर्ट्झला तो मोठा कपॅसिटर फार लांब पडतो.

ऑसिलेशन आहे का हे ऑसिलोस्कोपशिवाय कळायला हवं असेल तर आठ नंबर पिनकडं जाणाऱ्या सप्लायमध्ये 100 ओहम तात्पुरता घाला आणि त्याच्या दोन टोकांवर मीटर लावा. निरोगी टीएल072 तिथं 280 मिलिव्होल्टच्या आसपास दाखवतो, फार तर 500. वायर न जोडता 280 आणि जोडल्यावर 700-800 झाले तर ऑसिलेशन धरून चाला. आयसीचा वापरात नसलेला दुसरा भाग तरंगत सोडला असेल तरी हा आकडा नाचतो. सहा नंबर सातला जोडा, आणि पाच नंबर त्या 47 एमएफडीच्या सांध्याला. सिंगल सप्लाय असताना पाच नंबर ग्राउंडला बांधू नका, पुस्तकातली ती आकृती दोन सप्लायची असते.

वायर कुठं लांब ठेवायची हेही बघा. लांब वायर बफरच्या पुढं, डिस्क आणि बफरमध्ये हातभर. पिझोच्या बाबतीत वायरच्या पिकोफॅरडनं आवाज फारसा जात नाही, कारण डिस्कच 20 नॅनोची आहे. पण एक मेगवरची वायर पायाखाली आली, घासली, हलली तरी तिचा आवाज बॉक्समध्ये येतो. वीणेकरी उभा राहून फिरतो, पावली खेळतो. बफरची डबी त्याच्या उपरण्याखाली कमरेला बसेल एवढी लहान करा. पी-38 चा (पाव इंची जॅकचा) सॉकेट स्टीरिओ घेतलात आणि बॅटरीचा मायनस त्याच्या मधल्या पट्टीतून नेलात तर मोनो जॅक घातला की डबी चालू, काढला की बंद. वेगळा स्विच नको आणि कुणी विसरून बॅटरी उतरवत नाही.

5532 बद्दल. तो आयसी वाईट नाही. मिक्सरमध्ये, टोन कंट्रोलमध्ये मीही तोच घालीन. पण 1 मेगच्या जागी तो चुकीचा. टीएल072 च्या इनपुटला जेफेट आहेत, त्यांना लागणारा करंट पिकोअँपिअरमध्ये. 5532 च्या इनपुटला साधे ट्रान्झिस्टर आहेत, त्यांना 200 नॅनोअँपिअर लागतात, वाईट नग असला तर 800. 200 नॅनो गुणिले 1 मेग म्हणजे 0.2 व्होल्ट नुसत्या बायसवर सरकले. करंटचा त्याचा स्वतःचा नॉइजही एक मेगवर पडून मोठा होतो, म्हणून डिस्क सोडवली की बॉक्समधून सूं करून आवाज येतो. आणि तो टीएल072 च्या जवळजवळ तिप्पट करंट घेतो, बॅटरीवर तेही नको.

पण यातूनच एक उपयोगी युक्ती निघते. बाजारात टीएल072 म्हणून मिळणारा प्रत्येक आयसी टीएल072 असतोच असं नाही. छाप पुसून दुसरा मारलेला माल फिरतो, आणि बरेचदा आत 4558 हा साधा ऑप-अँप असतो. घरी ओळखायचं असं: 100 केच्या सांध्यावर मीटरची काळी पिन, आयसीच्या एक नंबरवर लाल. डिस्क जोडलेली नको. खरा टीएल072 असेल तर फरक दहा मिलिव्होल्टच्या आत. 4558 असेल तर काही दहा मिलिव्होल्टांपासून दीडशेपर्यंत, आणि बहुधा अधिक बाजूला, कारण त्याच्या इनपुटचे ट्रान्झिस्टर पीएनपी आहेत आणि करंट पिनमधून बाहेर ढकलतात. 5532 असेल तर फरक उणे येतो, दोनशेच्या घरात. तीन नंबर पिनवर थेट मीटर लावू नका. त्या पिवळ्या मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्सच 1 मेग असतो, तो लावला की तुम्ही मोजायला गेलात तेच निम्म्यावर येतं. बफर बांधलाच आहे तर मीटरही त्याच्या मागं लावा. बेळगावला किंवा कोल्हापूरला गेलात तर दोन-तीन दुकानांतून एक-एक नग आणा, आयसी बेसवर घालून हा आकडा बघा. एकाच दुकानातले दहा नग आणून दहाही खोटे निघण्यात मजा नाही.

कोणीतरी ‘इंपिडन्स आणखी वाढेल’ म्हणून ते 1 मेग काढून टाकायला सांगेल. काढू नका. इनपुटच्या पिनला डीसीची वाट लागतेच. ती नसली की बफर मिनिटभर सुरेख वाजतो, मग आवाज बारीक होत फाटतो आणि बंद पडतो, आणि बोट लावलं की पुन्हा चालू होतो. ‘बोट लावलं की चालतंय’ असं कुणी सांगितलं की मी आधी हाच रेझिस्टर शोधतो.

जोरात छेडल्यावरची कडकड ही साधी क्लिपिंग (लाटेचा माथा कापला जाणं) वाटते, पण टीएल072 मध्ये एक खोड आहे. इनपुट खालच्या सप्लायच्या फार जवळ गेला की आउटपुट खाली जायच्या ऐवजी उलटा वर उडी मारतो. पिझोला टिचकी मारली तर ती सहज काही व्होल्ट काढते, त्यामुळं 12 व्होल्टवर बसलेल्या सर्किटला हे घडायला वेळ लागत नाही. 18 व्होल्टची बॅटरी घेतली की जागा वाढते. शिवाय डिस्कला समांतर 22 नॅनोफॅरडचा पॉलिस्टर कपॅसिटर लावा. डिस्कचा चार्ज दोघांत वाटला जातो आणि व्होल्टेज निम्म्यावर येतं. रेझिस्टरची पोटेन्शिओमीटर पद्धत इथं लावली असती तर खालचे स्वर गेले असते; कपॅसिटरनं ते जात नाहीत, उलट हद्द आणखी खाली उतरते.

डिस्क लावायची जागाही या कडकडीच्या हिशेबात धरा. घोडीच्या अगदी खाली लावली तर नखाचा ठोका जास्त येतो. घोडीपासून दोन-तीन बोटं बाजूला, तबलीवर, पातळ डबल टेपनं किंवा मेणानं लावून वेगवेगळ्या जागा ऐकून बघा, पसंत पडली की मगच पक्की चिकटवा. पितळेची बाजू शील्डला, मधला पांढरा भाग गरम वायरला. पांढऱ्या भागावर आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं तर वरचा चांदीचा थर निघून येतो, मग ती डिस्क फेकायचीच. सोल्डर झाल्यावर डिस्कवर कागदी टेप आणि त्यावर ग्राउंडला जोडलेली तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी घातली तर 50 हर्ट्झचा शिरकाव बराच थांबतो.

पावसातली खरखर मला तुमच्या पत्त्यावरूनच कळली असती. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस लागला की महिना-दोन महिने घरातलं मीठसुद्धा सुटं राहत नाही, तिथं एक मेगची पिन कोरडी कशी राहणार? सोल्डर करताना डबीतली पिवळी पेस्ट वापरली असणार. ती बोर्डावर राहते, दमट हवेत ओलावा धरते, आणि तीन नंबर पिन व शेजारची चार नंबर यांच्यामध्ये काही मेगओहमची चोरवाट तयार होते. ती स्थिर नसते, म्हणून खरखर. आयसी काढा, बोर्डाची खालची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं घासा, पुसू नका, दुसऱ्यांदा घासून उन्हात किंवा बल्बखाली पूर्ण वाळवा. मग त्या पिनांभोवती पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या. ओल असताना पॉलिश लावलं तर ओल आत कोंडली जाते, तेव्हा वाळवण्यात घाई नको. यापुढं पेस्ट नकोच. आत फ्लक्स असलेली 60-40 किंवा 63-37 ची तार घ्या, पाय सँडपेपरनं चमकवा, पेस्टची गरज पडत नाही. आणि झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या बोर्डावर) तीन नंबर पिनची वायर हवेतून सरळ जॅकला नेली, बोर्डावरून नेलीच नाही, तर सगळ्यांत उत्तम.

तुम्ही विचारलं नाही, पण लांब वायर टाकली की कधीतरी मागं रेडिओ बारीक ऐकू येईल, किंवा कुणाचा मोबाइल जवळ असला की टर्र-टर्र. धारवाड आकाशवाणीची मध्यम लहर 765 किलोहर्ट्झची; अशा लहरी लांब वायर गोळा करते आणि इनपुटचा ट्रान्झिस्टर त्या उलगडून ऐकवतो. तीन नंबर पिनच्या तोंडाशी 2.2 के मालिकेत आणि पिनवरून ग्राउंडला 220 पिकोफॅरड. झालं.

मंडपातली गोष्ट मात्र नीट ऐका. सप्ताहाला बाहेरचा साउंडवाला येतो, त्याचा मिक्सर एका फेजवर, तुमचा अँप दुसऱ्या बोर्डावर, आणि दोन्हींना वायर जोडली की बुम्म करून 50 चा हम. हा ग्राउंड लूप. अशा वेळी कुणीतरी हमखास प्लगची अर्थिंगची पिन तोडतो किंवा टेप लावून झाकतो, आणि हम जातो. हे करू देऊ नका. पावसाळी जमीन, ओले पाय, हातात लोखंडी माइक, आणि अँपच्या बॉडीवर उतरलेली फेज. यात माणसं मरतात. लूप तोडायचा तो आवाजाच्या वायरीत, विजेच्या नाही. 600 ला 600 चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मधे टाका. बफर बॅटरीवर आणि डबी प्लास्टिकची असेल तर तुमच्या बाजूचा लूप मुळातच संपतो, हा बॅटरीचा आणखी एक फायदा. मिक्सरला देताना ऑक्स किंवा लाइनच्या पी-38 इनपुटला द्या. एक्सएलआरला (तीन पिनांच्या माइक इनपुटला) द्यायची वेळ आली तर आधी फँटम, म्हणजे मिक्सर माइकसाठी वायरीतून सोडतो तो सप्लाय, बंद करून घ्या. ते 48 व्होल्ट तुमच्या 10 एमएफडीवर उलटे बसतील.

चालू-बंद करतानाचा ‘धप्प’ कमी करायला 10 एमएफडीच्या बाहेरच्या टोकावरून ग्राउंडला 100 के लावा, म्हणजे वायर काढली-घातली तरी कपॅसिटर भरलेला राहतो. अँप शेवटी चालू, आधी बंद. रिले वगैरे लावायच्या भानगडीत पडू नका, या कामाला ते जास्त होतं.

बदल एका वेळी एकच करा, नाहीतर कशानं बरं झालं ते कळत नाही. क्रम माझ्या मते असा: बोर्ड धुणं, मग 100 केची जोडी व 47 एमएफडी, मग आउटपुटचा 100 ओहम, मग टीएल072 परत घालून ती फरकाची चाचणी, आणि बॅटरी. तरीही काही राहिलं तर मला तीन आकडे कळवा: संध्याकाळी 7812 च्या आत-बाहेरचे व्होल्ट, सांधा आणि एक नंबर पिन यांतला फरक चिन्हासकट, आणि सप्लायमधल्या 100 ओहमवरचे मिलिव्होल्ट, लांब वायर जोडून आणि न जोडता. फोटो पाठवायचा झाला तर बोर्डाच्या सोल्डरच्या बाजूचा पाठवा.